मासुंद्याच्या काठी राहायला या

तुम्हाला घर हवंय. निवांत, तळ्याजवळ, पोराबाळांना मानवेल असं. संध्याकाळी आजोबांना चार पावलं टाकता यावीत, शाळा हाकेच्या अंतरावर असावी, आणि शेजारी असे असावेत की त्यांच्याकडे किल्ली ठेवून खुशाल गावाला जाता यावं. ठाण्यात अशी जागा शोधणाऱ्याचे पाय आपसूक मासुंदा तलावाकडे वळतात. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. पण नुसती आजची जागा बघून टोकन देऊ नका. या काठाने शतकानुशतकांचे संसार पाहिलेत. ज्या ज्या काळात इथे बिऱ्हाड थाटता आलं असतं, त्या त्या काळात उतरून बघा. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी विचारा. पाणी कसं आहे? शेजार कसा आहे? पोरं कुठे खेळतात?

शके ९३९, कार्तिक पौर्णिमा

पौर्णिमा आहे आणि तरी काळोख आहे. वर पाहता तर चंद्राला ग्रहण लागलेलं. इसवी सन १०१७ चालू आहे. पायांखाली गार, मऊ चिखल आहे आणि पोटऱ्यांना लव्हाळं लागतंय. या नगराचं नाव श्रीस्थानक, आणि राज्य उत्तर कोकणच्या शिलाहारांचं.

काठावर माणसं ग्रहण सुटण्याची वाट बघत उभी आहेत. बायका पदर खोचून गुडघाभर पाण्यात उतरल्यात. एक आजी नातवाचं मनगट घट्ट धरून आहे, कारण त्याला पाण्यात जायची घाई झालीय. त्यांचं बोलणं कानावर येतं. निम्मं कळतं, निम्मं निसटतं. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक, अलिबागजवळच्या आक्षीचा, १०१२ सालचा मानला जातो. म्हणजे तुम्ही ऐकताय ती त्याच पिढीची बोली.

तळं इथेच का, ते उजाडल्यावर कळतं. मावळतीला येऊरचे डोंगर आहेत आणि उगवतीला खाडी. डोंगरावर पडलेला पाऊस उताराने खाडीकडे धावतो आणि वाटेतल्या खोलगट जागी अडतो. अडला की माणूस त्याला मातीचा बांध घालतो. खाडीचं पाणी खारट, तोंडात धरवत नाही. म्हणून अडवलेलं गोडं पाणी म्हणजे या गावाचा जीव. पुढे ठाण्यात अशी साठेक तळी असल्याचं सांगितलं जाईल. त्यांतल्या प्रत्येकाभोवती एकेक वस्ती वाढली, ती हौसेने नव्हे, तहानेने.

याच ग्रहणाच्या पर्वावर राजा अरिकेसरीने जमीन दान दिली आणि ते दान तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतलं. पत्रे मातीखाली गेले, आणि १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना पुन्हा वर आले. त्या लेखात राजा फक्त मंत्र्यांना आणि पुरोहितांना उद्देशून बोलत नाही. श्रीस्थानकात राहणाऱ्या सगळ्यांना तो आपलं म्हणणं ऐकवतो. राजा दान देताना रहिवाशांनाही सांगत होता, हे लक्षात ठेवा. ग्रहण सुटतं. पाण्यावर चंद्र पुन्हा उमटतो आणि आजीच्या हातून पोरगं एकदाचं निसटतं.

दगड, चुना आणि घंटा

आता भराभर पुढे चला. सोळाव्या शतकात इथे पोर्तुगीज आलेत. तलावाजवळ सेंट जॉन बॅप्टिस्टचं चर्च उभं राहिलंय आणि गल्ल्यांतून मागांचा खटखटाट ऐकू येतो. ठाण्याचं सुती आणि रेशमी कापड दूरवर जातंय. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. चर्च राहिलं, तळं राहिलं, वस्तीही राहिली.

१७६० मध्ये थांबा. पुण्याच्या गादीवर नानासाहेब पेशवे आहेत आणि पानिपत अजून व्हायचंय. तलावाकाठी चुन्याच्या घाणीला जुंपलेला बैल गोल गोल फिरतोय. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर कौपिनेश्वराचं देऊळ नव्याने बांधून घेताहेत. आत डोकावलात तर पिंडीचा आकार बघून नजर खिळते. उंच माणसाच्या छातीला लागेल एवढी ती उंच आहे, आणि तिला कवेत घ्यायला एकट्याचे हात पुरत नाहीत. जुनी मंडळी सांगतात की ही पिंड तलावातच सापडली.

काठावर जरा बसा. एका बाजूला देवळाच्या पायाचे दगड उतरताहेत आणि थोड्याच अंतरावर चर्चची घंटा वाजतेय. घागरी घेऊन आलेल्यांत कोळणी आहेत, आगरणी आहेत, ख्रिस्ती बाया आहेत, ब्राह्मण-प्रभूंच्या घरातल्या सुनाही आहेत. पाणी भरायच्या जागा वेगवेगळ्या आहेत, आणि काहींना तर अजून पाण्याला हात लावायची मुभाच नाही. ते तुमच्या डोळ्यांसमोर आहे, त्याकडे पाठ फिरवू नका. या काठाचा शेजार आजच्याएवढा मोकळा व्हायला पुढची दोन शतकं भांडावं लागणार आहे. इथलं सौख्य आयतं मिळालेलं नाही.

१६ एप्रिल १८५३

दुपार टळत आलीय. ऊन असं की तलावावरून डोळा फिरवावा लागतो. पण आज काठ जवळजवळ ओस आहे. सगळं गाव पूर्वेला गेलंय, रुळांपाशी. तुम्ही मुद्दाम इथेच थांबा, कारण तलावाच्या काठावर त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला बघायचंय.

साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून गाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे, ओढायला तीन इंजिनं, सुटताना एकवीस तोफांची सलामी. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. तासाभराने आधी कुठूनतरी घरघर येते. मग देवळाच्या शिखरावरची कबुतरं एकदम उडतात. मग शिटी ऐकू येते, या गावाने आजवर कधी ऐकली नव्हती अशी. ठाण्यात पाहुण्यांसाठी तंबू ठोकलेत, खाण्यापिण्याची जय्यत तयारी आहे. ज्यांनी या रेल्वेसाठी मुंबईत खटपट केली ते नाना शंकरशेटही आजच्या मानकऱ्यांत आहेत.

घाटावर एक परटीण एकटीच कपडे आपटत राहिलीय. शिटी ऐकून ती क्षणभर थांबते, वळून बघते, आणि पुन्हा धोपटणं उचलते. तिला कल्पना नाही की आज तिचं गाव बदललं. कालपर्यंत इथे राहणारा माणूस इथेच कमवत होता. आजपासून माणसाला मुंबईत नोकरी करून ठाण्यात झोपता येणार आहे. दिवसभर गजबजाटात काढायचा आणि रात्री तळ्याकाठच्या घरी परतायचं, या नव्या जगण्याची पहिली शिटी ती होती. तुम्ही जे निवांत घर शोधताय, त्याची गोष्ट खरी इथून सुरू होते. शांतता म्हणजे जगापासून तुटणं, असं इथे कधीच नव्हतं. राजधानी, किल्ला, आगगाडी, सगळं या काठाच्या दाराशी आलं. तरी काठाला निवांतपणा होता, कारण दिवसभराचा शीण उतरवायला तिथे मोकळी जागा होती.

पुढची चाळीस वर्षं चटकन ओलांडा. १८६३ मध्ये ठाण्याला नगरपालिका आली. १८७९ मध्ये लोकांनी वर्गणी काढून कौपिनेश्वराचा सभामंडप बांधला. १ जून १८९३ ला विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं. भावे तेव्हा ऐन विशीत होते. मराठीत छापलं गेलेलं पुस्तक जपून ठेवायचं आणि ज्याला हवं त्याला वाचायला द्यायचं, एवढा साधा हेतू. याच भाव्यांनी पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं. घर घेणाऱ्या माणसाने गावात देऊळ आहे का ते विचारावं, आणि त्याच दमात ग्रंथालय आहे का तेही विचारावं. इथे दोन्ही आहेत आणि दोन्ही लोकांच्या पैशावर उभी आहेत.

१९६४, भाद्रपद

इथे मात्र बिऱ्हाड करा. चार दिवस राहा.

नौपाड्यात, घंटाळीच्या देवळापलीकडे, दुमजली कौलारू वाडा आहे. तळमजल्यावर मालक, वर तीन बिऱ्हाडं, मागे विहीर, पुढच्या अंगणात तगर आणि सोनटक्का. तुमच्या वाट्याला दोन खोल्या आहेत, आणि लाकडी जिन्याची चौथी पायरी करकरते. सकाळी सगळ्या वाड्याची गडबड एकाच वेळी उडते. बंब पेटतो, नळावर बादल्यांची रांग लागते, कुणाचा तरी रेडिओ मोठ्याने लागलेला असतो. आठ वाजता पुरुषमाणसं डबे घेऊन स्टेशनाच्या दिशेने निघतात. काही जण उलट्या दिशेला, वागळे इस्टेटकडे, कारण औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाल्यापासून तिथे कारखान्यांच्या शेड भराभर उभ्या राहताहेत. साडेआठला वाडा बायकांचा, म्हाताऱ्यांचा आणि पोरांचा होतो.

विहिरीत वाकून बघा. पाणी हाताशी आहे. सप्टेंबर आहे म्हणून असेल, पण उन्हाळ्यातही ही विहीर आटत नाही असं मालक सांगतात, आणि कारणही सांगतात. तळं भरलेलं असलं की भोवतालच्या जमिनीत पाणी मुरत राहतं आणि विहिरींना झरे लागतात. तळ्याने गावाला पाणी पाजायचं काम नळ आल्यावरही सोडलेलं नाही, फक्त ते आता जमिनीखालून चालतं.

आज गौरी-गणपतीचं विसर्जन. घरात वाटल्या डाळीचा वास सुटलाय. आजी पाटावर रांगोळीची दोन बोटं ओढतात आणि तुमच्याकडे बघून आत हाक मारतात, “अगं सुनबाई, पाहुण्यांना डाळ दे आधी. तळ्यावर गर्दी झाली की मग कुठली मिळतेय!” द्रोण हातात येतो. हरभऱ्याची डाळ, वर ओलं खोबरं, मिरचीचा ठसका, लिंबू. खाऊन होईतो उत्तरपूजा आटोपते आणि घरातले कर्ते पुरुष, नाना, मूर्ती हलवतात.

मिरवणूक म्हणावी अशी ती नाही. नानांच्या डोक्यावर पाट, पाटावर वीतभर उंचीचा शाडूचा गणपती, मागे झांजा घेतलेली सात-आठ पोरं, त्यांच्या मागे आया. गोखले रोडवर दुसऱ्या वाड्याची अशीच ओळ येऊन मिळते, मग तिसरी. टांगेवाला घोडा आवरून बाजूला घेतो आणि टांग्यावरूनच हात जोडतो. तलावाशी पोचेपर्यंत घरचे दहा जण गावचे दोनशे झालेले असतात.

काठावर आरती होते. नाना पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात जातात. मूर्ती एकदा पाण्याला टेकवतात, उचलतात, दुसऱ्यांदा टेकवतात, उचलतात. तिसऱ्या वेळी हात रिकामे वर येतात. शाडूची माती पाण्यात ढिली होत जाते, कडेचं पाणी दुधट होतं आणि थोड्या वेळात निवळतं. नाना काठावरचे चार खडे वेचून पाटावर ठेवतात, कारण पाट रिकामा घरी न्यायचा नसतो. धाकटी पोरगी आईच्या कमरेला मिठी मारून रडते. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकू तिच्या हातावर खिरापत ठेवून म्हणतात, “रडू नये गं बाळा, पुढच्या वर्षी येतोय की तो.”

परतीच्या वाटेवर तुमचे तीन प्रश्न मनात काढा. पाणी जिवंत आहे. शेजारीण दुसऱ्यांच्या लेकीचे डोळे न सांगता पुसते. आणि पोरं? ती काठावर मागेच राहिलीत. पेन्शनर मंडळी कट्ट्यावर बसलेली आहेत, त्यांचं अर्धं लक्ष राजकारणाच्या गप्पांत आणि अर्धं पाण्याकडे आहे. कुठलंही पोर पायरीवरून पुढे सरकलं की कट्ट्यावरून दरडावणी येते, “ए, कोणाचा रे तू?” पोरगं बापाचं नाव सांगतं आणि मागे होतं. सुरक्षित वस्ती म्हणतात ती ही. कुंपणाने नाही, ओळखीने राखलेली.

रंगायतन, टॉवर, पूर

१९७८ साल. तलावाकाठी गडकरी रंगायतन उघडलंय. राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं नाट्यगृह. मध्यंतरात प्रेक्षक बाहेर येतात, कागदात गुंडाळलेला बटाटेवडा खातात आणि पाण्यावरून येणारा वारा अंगावर घेत दुसऱ्या अंकाबद्दल पैजा लावतात. नाटक संपलं की घरी चालत जाता येतं. बायकामुलांसह रात्री बाराला चालत जाता येतं, ही या वस्तीची त्या काळची श्रीमंती.

१९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि गाव झपाट्याने वाढलं. वाडे पाडून तीन मजली इमारती आल्या, आता त्याही पाडून टॉवर होताहेत. विहिरी बुजल्या. साठेक तळ्यांतली आज जेमतेम निम्मी उरलीत. बाकीच्यांवर भराव पडला, त्यावर इमारती आल्या, रस्ते आले. पाऊस मात्र आपली जुनी वाट विसरत नाही. डोंगर तिथेच आहे, खाडी तिथेच आहे, मधला उतारही तोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी ठाण्यातही घराघरांत पाणी शिरलं. अडायची जागा उरली नाही की पाणी माणसांच्या ओट्यावर येऊन अडतं.

आज, पहाटे साडेपाच

आता तुमच्या काळात उतरा. घर बघायला दलालाबरोबर दुपारी येऊ नका, पहाटे एकटे या.

तलावाभोवती चालणाऱ्यांची वर्दळ सुरू झालीय. बुरखा घेतलेली एक बाई आणि नऊवारीतली एक आजी एकाच चालीने, गप्पा मारत फेरी घालताहेत. बाकावर हास्यक्लबची मंडळी. कठड्यावर खंड्या टपून बसलाय, मधेच निळी रेघ मारून पाण्यात सूर मारतो. देवळात काकडा चाललाय. संध्याकाळी इथेच नौकाविहाराच्या होड्या निघतील, भेळवाल्यांभोवती घोळके जमतील, दिवाळीच्या पहाटे तर नवे कपडे घातलेल्या पोरापोरींनी तलावाभोवतीचा रस्ता ओसंडून वाहील. बाजूच्या गल्लीत शिरलात की आवाज मागे पडतो. तुळशीवृंदावन दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत गेलंय, पण आहे.

मग पाण्याजवळ जा आणि नीट बघा. रंग हिरवा आहे. तळ्याच्या कडा सिमेंटने बांधल्या की पाणी जमिनीत मुरायची वाट अडते. गाळ साठतो, निर्माल्य कुजतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि उन्हाळ्यात एखाद्या सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. कारंजी लावलीत ती शोभेपुरती नाहीत, पाण्यात हवा मिसळावी म्हणूनही आहेत. शाडूची जागा प्लास्टर ऑफ पॅरिसने घेतली तेव्हा मूर्ती विरघळेनाशा झाल्या. त्यावर ठाण्याने कृत्रिम तलावांचा मार्ग काढला. घराघरांतल्या आज्यांनी तो सुरुवातीला कुरकुरत आणि मग आपणहून स्वीकारला. नानांच्या त्या तीन डुबक्या आता टाकीतल्या पाण्यात होतात. भक्ती कमी झालेली नाही आणि तळ्याचा ताप कमी झालाय. परंपरा पाण्यासाठी वाकली याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

हजार वर्षं फिरून आल्यावर एक गोष्ट स्वच्छ दिसते. या काठाचे मालक बदलले, राज्यं बदलली, पाण्याचा उपयोग बदलला. आधी प्यायला, मग धुवायला, मग विसर्जनाला, आता फिरायला. बदललं नाही ते एवढंच, की काठ कुणा एकाच्या कुंपणात गेला नाही. उलट ज्यांना पूर्वी दूर ठेवलं होतं त्यांच्यासाठीही तो खुला होत गेला. ज्या तळ्यांचे काठ बंद झाले, ती आधी लोकांच्या नजरेआड गेली आणि मग नकाशावरून गेली. मासुंदा वाचला, कारण रोज सकाळी त्याच्याकडे बघणारे हजार डोळे होते. इथला निवांतपणा तळ्याने दिलाय, आणि तळं टिकलंय ते या रोजच्या वर्दळीने.

म्हणून ‘लेक व्ह्यू’ अशी जाहिरात दिसली तर खिडकीतून तळं किती दिसतं ते विचारू नका. खाली उतरून त्याच्या काठी कुणालाही बसता येतं का, ते विचारा. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या तळ्याकाठी घर घेत असाल तरी हेच विचारा. आणि राहायला आलात की पहिल्या पावसाळ्याआधी सोसायटीच्या सभेत दोन प्रश्न मांडा. आपल्या गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरतं की गटारात जातं? आपलं सांडपाणी नेमकं कुठे सुटतं? उत्तर कुणालाच माहीत नसेल, तर प्लंबरला घेऊन झाकणं उघडून बघा आणि जे दिसेल ते इतिवृत्तात लिहून ठेवा. त्या दिवसापासून तुम्ही इथले रहिवासी झालात असं खुशाल समजा.